माय नामे इज

मार्चचा पहिला आठवडा होता. नागपुरात तोवर ऊन तापायला लागतं, शाळा सकाळची होते आणि साडेदहा वाजले की पोरांचे कान घंटेकडे लागतात. म्हणून इंग्रजीचा तास मी सगळ्यात आधी घेते. दुसरीचा वर्ग. पटावर ३१, त्या दिवशी हजर २६.

आमची शाळा पूर्व नागपुरातली, मराठी माध्यमाची. कळमन्याच्या बाजारात हमाली करणाऱ्यांची, घरकामाला जाणाऱ्या बायांची मुलं इथे येतात. राज्यात २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी सुरू झालं, त्यामुळे ‘माय नेम इज’ आमचं प्रत्येक पोट्टं झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतं. म्हणणं वेगळं आणि वाचणं वेगळं. त्या दिवशी तेच वाक्य मी पहिल्यांदा कागदाच्या पट्टीवर लिहून नेलं होतं. पुढे रेघ, रेघेवर ज्याने त्याने आपलं नाव लिहायचं. सोपा तास होईल असं वाटलं होतं.

तिसऱ्या बाकावरची मुलगी उभी राहिली. पट्टीवर बोट ठेवून, एकेक अक्षर धरत तिने वाचलं, “माय... नामे... इज.”

पोट्टे खदखदून हसले. मागच्या बाकावरच्या एकाने ‘नामे, नामे’ करत बाक वाजवायला सुरुवात केली. माझ्याही तोंडाशी आलं होतं, ‘नामे नाही गं, नेम.’ सतरा वर्षं मी तेच करत आले आहे. चूक झाली की लगेच बरोबर शब्द सांगायचा, आणि मग सगळ्या वर्गाकडून ‘एन ए एम ई नेम, नेम म्हणजे नाव’ असं दहादा घोकून घ्यायचं. पण तिचं बोट पट्टीवरून हललं नव्हतं. ती रडली नाही, खालीही बसली नाही. ती पुन्हा त्या अक्षरांकडे पाहत होती, हिशेब तपासावा तशी.

मी विचारलं, “नामे कसं वाचलंस? मला सांग बरं.”

“असंच तं लिहून हाये न जी,” ती म्हणाली. “एन ए, ना. नागपूरचा ना. मेट्रोच्या टेशनावर लिहून हाये.”

तिची आई शंकरनगरला कामाला जाते. रविवारी पोरगीही सोबत असते. प्रजापतीनगरला बसायचं आणि शंकरनगरला उतरायचं. वाटेत ‘नागपूर रेल्वे स्टेशन’ लागतं. पाटीवर वर देवनागरी, खाली इंग्रजी अक्षरं. पोरीने वरच्या अक्षरांवरून खालची जुळवली होती. कोणी शिकवलं नव्हतं. एन ए म्हणजे ना, हे तिने स्वतः शोधून काढलं होतं, आणि ते खरंच होतं. शेवटची ई म्हणजे ए, हेही तिथलंच. मग एन ए एम ई म्हणजे नामे, यात तिचं चुकलं काय?

हसणाऱ्यांना मी गप्प केलं आणि फळा पुसला. फळ्यावर इंग्रजीत ‘नागपूर’ लिहिलं, त्याखाली ‘नगर’, त्याखाली ‘नेम’. तिन्हींत एन आणि ए शेजारीशेजारी. तिला पुढे बोलावून तिघांखाली रेघ मारायला लावली.

खडू हातात धरून ती थांबली. “नागपूरमंदी ना, नगरमंदी न, अन् याच्यात ने? एकाच अक्षराचे तीन?”

मी चौथ्या ओळीत ‘कॅट’ लिहिलं आणि पाचव्या ओळीत ‘बॉल’. दोन्हींत तोच ए. वर्गात एकदम शांतता पसरली. आता कोणी हसत नव्हतं.

मराठी वाचायला शिकलेल्या मुलाला ही गोष्ट किती विचित्र वाटत असेल, ते मला तेव्हा कळलं. आपल्याकडे काना म्हणजे आ. तो क ला लागो की म ला, आ म्हणजे आच. ऱ्हस्व-दीर्घाचा काय तो घोळ, पण एकच मात्रा पाच ठिकाणी पाच आवाज काढत नाही. उलट, इंग्रजी शब्द नीट लिहिता यावेत म्हणून आपण ॲ आणि ऑ अशी दोन अक्षरं जास्तीची तयार केली आणि २००९ साली शासनाने ती वर्णमालेतही घेतली. आवाज नवा, तर चिन्ह नवं. इंग्रजीचं तसं नाही. त्यांच्याकडे स्वरांची अक्षरं पाच आणि ब्रिटिश उच्चारांत स्वर मोजले तर विसाच्या आसपास. पाच घरांत वीस बिऱ्हाडं. हे आम्ही मुलांना कधी सांगतच नाही. ए, ई, आय, ओ, यू हे पाच स्वर, असं एक वाक्य पाठ करून घेतो आणि पुढे जातो. मग पोरगं अडखळलं की त्याचं इंग्रजी कच्चं असा शेरा मारतो.

“अन् शेवटची ई?” तिने विचारलं.

“ती बोलत नाही,” मी म्हटलं.

“बोलत नाही तं बसवली कायले?”

मी एका कोऱ्या कागदावर मोठी ई काढली आणि तो तुकडा कापला. पाटीवर ‘कॅप’ लिहिलं. सगळ्यांनी वाचलं, कॅप. मग तो तुकडा शब्दाच्या शेवटी ठेवला आणि सांगितलं, आता ई गप्प आहे, पण तिच्यामुळे ए आपलं खरं नाव सांगेल. नाव काय याचं? ‘ए!’ मग वाचा. ‘केप!’ तुकडा काढला, ‘कॅप’. ठेवला, ‘केप’. टॅप, टेप. पिन, पाइन. किट, काइट. ‘काइट’ला तर पोरं ओरडलीच, कारण संक्रांतीचे पतंग अजून तारांवर लोंबत होते. तुकडा हाताहातांतून फिरत राहिला आणि त्याचे कोपरे घामाने मऊ पडले.

तेवढ्यात बाक वाजवणारा तो मागचा पोरगा हात वर करून म्हणाला, “मॅडम, हे तं आमच्या आजीसारखं हाये. आजी दारापाशी बसून राहते. काईच बोलत नाही. पण ते बसली का माहा बाप सीधा बोलते.”

मी सतरा वर्षांत प्रशिक्षणं पुष्कळ केली. गप्प राहणाऱ्या ई बद्दल याहून नेमकं काही ऐकलेलं मला आठवत नाही. त्या दिवसापासून आमच्या वर्गात शेवटची ई म्हणजे आजी.

पण ती तिसऱ्या बाकावरची पोरगी इतक्यात थांबणारी नव्हती. पुस्तकात बोट फिरवत तिने एक ओळ काढली, ‘आय हॅव्ह अ बॅट’. “मॅडम, हॅव्हमंदी आजी बसून हाये, तरी ए सीधा नाही बोलून राहिला.”

मी उत्तर शोधत होते, तोवर वर्गातूनच कोणीतरी म्हणालं, “आजी झोपली असन.”

मग मी त्यांना खरं कारण सांगितलं. इंग्रजी शब्द शेवटी व्ही ठेवून सहसा संपत नाही. व्ही एकटा पडू नये म्हणून तिथे ई आणून बसवतात. हॅव्ह, गिव्ह, लव्ह, सगळ्यांत तेच. म्हणजे आजी इथे बापाला वळण लावायला आलेली नाही, ती व्हीच्या सोबतीला बसली आहे. पोरांना ते पटलं. तरी त्यांनी वहीत ‘झोपलेल्या आज्या’ असंच लिहून ठेवलं, आणि मीही बदलायला लावलं नाही.

घरी आल्यावरही ‘नामे’ काही डोक्यातून जाईना. हा शब्द एवढा वेडावाकडा का लिहितात ते शोधत बसले. वाचता वाचता एका ठिकाणी थबकले आणि ते परिच्छेद दोनदा वाचले. चौदाव्या शतकात इंग्रज लोक हा शब्द जवळपास ‘नाम’ असाच म्हणत, शेवटी हलका अ लावून. ती ई तेव्हा बोलत होती. पुढे साधारण १४०० ते १७०० या काळात त्यांचे दीर्घ स्वर एकामागून एक सरकत गेले, आणि नामचं नेम झालं. मात्र १४७६ मध्ये कॅक्स्टनने इंग्लंडात छापखाना आणला होता, आणि छापणाऱ्यांच्या हातून जुनी अक्षरं पक्की होत गेली. आवाज पुढे गेले, स्पेलिंग मागेच राहिलं. आणि आपलं संस्कृतातलं नाम आणि त्यांचं नेम तर मुळात एकाच घराण्यातले.

दुसऱ्या दिवशी तास सुरू होताच मी तिला उभं केलं आणि वर्गाला सांगितलं, “काल हिने जे वाचलं ना, ते इंग्रजच सहाशे वर्षांपूर्वी जवळजवळ तसंच म्हणत होते.” ती लाजली. मागचा पोरगा बाक न वाजवता नुसता पाहत राहिला.

नंतरच्या सोमवारी ती प्रार्थनेआधीच माझ्या टेबलापाशी आली. वहीचं मागचं पान उघडलं. रविवारी मेट्रोतून जाताना तिने पाट्या उतरवून आणल्या होत्या. अक्षरं वाकडी, गाडी सुटायच्या घाईत लिहिलेली. ‘टेलिफोन एक्स्चेंज’ या स्टेशनाच्या नावात दोन्ही शब्दांच्या शेवटच्या ई भोवती तिने लाल पेन्सिलीने गोल केले होते.

“याच्यात दोन आज्या हायेत मॅडम,” ती म्हणाली. पहिल्या गोलावर बोट ठेवून तिने ‘फोऽन’ म्हटलं, दुसऱ्यावर ठेवून ‘चेंऽज’. “दोघीबी जाग्या हायेत.”