येळवसीला नळदुर्ग ते कपिलधार

मुक्काम हलवायचा म्हटलं की आमच्या गाडीत आदल्या संध्याकाळपासूनच धांदल सुरू होते. अमेरिकेत अशा घर-गाड्यांसाठी आरव्ही पार्क असतात. ठरलेल्या जागेवर गाडी लावायची. पाण्याचा नळ, विजेची जोडणी आणि सांडपाणी सोडायची सोय तिथंच. आपल्या मराठवाड्यात निवृत्तीनंतर ट्रॅव्हलर गाडीचंच घर करून निघालेल्या आमच्यासारख्यांना देवस्थानांची आवारं, पेट्रोलपंप आणि ढाबे हाच आधार. जागेला सहसा कुणी नाही म्हणत नाही. प्रश्न असतो पाण्याचा, आणि आम्ही पडलो लातूरचे.

नळदुर्गचा मुक्काम एका हॉटेलच्या मागच्या मोकळ्या जागेत होता. सकाळी उठून यांनी टायरांची हवा, ऑइल, कूलंट बघितलं. एसटीत सगळी नोकरी ड्रायव्हरकी केलेली, त्यामुळे बोनेट उघडल्याशिवाय यांचा दिवस सुरू होत नाही. आतलं सगळं माझ्याकडं. गॅसचं रेग्युलेटर बंद करून पाच किलोचा सिलिंडर पट्ट्यानं आवळायचा, ताटं-वाट्यांमध्ये टॉवेल घालायचे, मिसळणाचा डबा चादरीत गुंडाळून खालच्या कप्प्यात ठेवायचा, प्रत्येक कपाटाची खिट्टी हातानं ओढून बघायची. शेवटी छतावरची खिडकी. धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी मात्र वर, हाताशी.

आदल्या दिवशी किल्ला निवांत बघून झाला होता. बोरी नदीचं पाणी किल्ल्यात आणून त्यावर आडवा दगडी बंधारा घातलाय आणि बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधलाय. काम इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळातलं. पावसाळ्यात नर-मादी धबधबे कोसळतात तेव्हा गर्दी उसळते. आता ते कोरडे होते, आणि मला वाटतं, बंधाऱ्याची चिरेबंदी बघायची तर अशाच दिवसांत जावं. पाणी अडवायचं म्हणून इतका जीव ओतलेला बघितला की मी तिथं रेंगाळतेच.

आमच्या टाकीत शंभर लिटर पाणी मावतं, म्हणजे शंभर किलो वजन. टाकी अर्धवट असली की वळणावर पाणी हिंदकळतं आणि ते स्टिअरिंगला जाणवतं, असं हे म्हणतात. म्हणून हलवायच्या दिवशी टाकी एक तर भरलेली नाहीतर जवळजवळ रिकामी. त्या दिवशी रिकामीच होती, कारण हॉटेलवाल्याकडं पाणी विकतच्या टँकरचं होतं. नळ उघडाच होता, तोही भरा म्हणाला. आम्ही पिण्याचा एक जार विकत घेतला आणि निघालो. 2016 च्या दुष्काळात, एप्रिलमध्ये, मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं. 12 एप्रिलला पहिली गाडी पोचली तेव्हा तिच्यात पाच लाख लिटर होतं. त्याच्या आधी मार्चमध्ये पाणी भरायच्या ठिकाणी भांडणं नकोत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती. माझ्या वर्गातली पोरं त्या दिवसांत घागरीच्या रांगेतून थेट शाळेत यायची, कुणाकुणाची पाटी ओली असायची. ते बघितल्यावर दुसऱ्याच्या टँकरला पाईप लावायला माझा हात धजत नाही.

तुळजापूरला गाडी दूर लावून कळसाला हात जोडले आणि तसंच पुढं धाराशिव. रस्त्यावर शुकशुकाट, निम्मी दुकानं बंद. त्या दिवशी येळवस होती, मार्गशीर्षातली अमावस्या. लातूर-धाराशिवकडं या दिवशी गावं ओस पडतात आणि शिवारं भरतात. उभ्या ज्वारीत कडब्याची कोप करून आत पाच पांडव म्हणून पाच दगड मांडतात, पूजा करतात आणि शेतातच पंगती बसतात. यंदा आपली येळवस रस्त्यावरच जाणार म्हणून मी थोडी हिरमुसलेच होते.

येडशीचा घाट मागं टाकून येरमाळ्याच्या अलीकडं चहाला म्हणून गाडी कडेला घेतली, तर बांधावरून एका बाईंची हाक आली, "ओ काका, येळवसीचं असंच पुढं जातेत व्हय? चला, जेवून जावा." हे माझ्याकडं बघायला लागले. मी चप्पल घालून उतरलेसुद्धा होते. अनोळखी माणसालाही शेतात बोलवून जेवू घालायचं, ही या दिवसाची रीतच आहे.

कोपीजवळ सतरंजीवर पंधरा-वीस माणसं. भज्जी, उंडे, तिळाची पोळी, गव्हाची खीर आणि मडक्यातली आंबील. भज्जी म्हणजे भजी नव्हेत, हे बाहेरच्यांसाठी सांगते. तुरीचे, वाटाण्याचे, हरभऱ्याचे ओले दाणे, पालेभाज्या, चिंचेचा कोळ आणि डाळीचं पीठ लावून शिजवलेली ती दाट भाजी. या बाईंच्या भज्जीत आंबटचुका जास्त होता, लसूण ठेचून वरून घातलेला, आणि दाणे अख्खे राहून मऊ झालेले. माझ्याकडून कधी दाणे फुटतात, कधी कच्चे राहतात. विचारलं तर म्हणाल्या, "पीठ शेवटाला लावायचं आन् मग डाव फिरवायचा न्हाई." मी तिथंच मोबाईलवर लिहून घेतलं. हे आंबिलीचे पेले रिचवत मालकांशी ट्रॅक्टरच्या क्लचवर बोलत बसले.

निघताना मालकांचं लक्ष गाडीखालच्या टाकीकडं गेलं. भरून देतो म्हणाले, लाईट आहे तोवर मोटार चालू आहे. मी विचारलं, विहीर उन्हाळ्यात टिकते का? "चैतापतूर टिकती. पुढं टँकरच." मग नको, म्हटलं. यावर म्हाताऱ्या आजी बसल्या जागेवरून बोलल्या, "माय, आज दारी आलेल्याला पाण्याला न्हाई म्हणायचं नसतं आन् आलेल्यानं बी न्हाई म्हणायचं नसतं." त्यांच्यापुढं काय बोलणार? दोन बादल्या घेते म्हटलं आणि दोनच घेतल्या, त्याही माझ्या डोळ्यांदेखत मोजून. मालक हसले, पण त्यांना समजलं असावं. त्यांनी पाईप गुंडाळून ठेवला आणि वर एक कणीस ज्वारीचं, हुरड्याला, माझ्या हातात दिलं.

तेरखेडा, मग कुंथलगिरीला जाणारा सरमकुंडीचा फाटा. कुंथलगिरीला जैन मुनी आचार्य शांतिसागर महाराजांनी 1955 मध्ये सल्लेखना घेतली, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून देह ठेवला. यांना तिथला पेढा हवा होता. पोट भरलेलं असल्यानं तो बेत पुढं ढकलला. पारगावला मांजरा ओलांडताना मात्र मी गाडी हळू घ्यायला सांगितली. हीच नदी पुढं धनेगावच्या धरणात जाते आणि त्याच धरणाचं पाणी लातूरला आमच्या नळाला येतं. इथं ती अजून लहान आहे, नवख्या माणसाला ओढाच वाटेल. डबकी साचलेली होती आणि काठाला उस्मानाबादी शेळ्या पाण्याला आलेल्या.

चार वाजल्यानंतर नवीन जागा शोधायची नाही, हा आमचा नियम. उजेडात जमीन बघता येते, वरच्या फांद्या बघता येतात, माणसांना आपली तोंडं दिसतात. मांजरसुंब्याहून कपिलधारकडं वळलो. ज्या गिअरमध्ये चढण चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, हा एसटीतला धडा. उताराला यांनी ब्रेकला पाय फारसा लावलाच नाही. कपिलधारला वीरशैव संत मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिकी पौर्णिमेला इथं वीरशैव भाविकांच्या दिंड्या येतात. त्या मानानं अमावस्येच्या संध्याकाळी आवार मोकळं होतं. आधी दर्शन, मग परवानगी, मग गाडी. पुढच्या डाव्या चाकाखाली दोन फळ्या सरकवल्या तेव्हा ओट्यावरची वाटी घरंगळायची थांबली.

दिवसभराचं भांडी-विसळणीचं पाणी डब्यात साठवलेलं होतं. साबण अगदी थोडा आणि राखेनं घासलेली भांडी, त्यामुळे ते विचारून तिथल्या एका झाडाच्या आळ्यात ओतलं. संडासाचं तसं करत नाही. ते पंपावरच्या नाहीतर देवस्थानच्या शौचालयातच, सांगूनसवरून रिकामं होतं. कितीही लांब जावं लागलं तरी. गाडीत राहणाऱ्यांनी यात सूट घेतली तर उद्या कुणीच कुणाला आवारात उभं करणार नाही.

रात्री हुरडा भाजला. टाकीत दोन बादल्या आहेत, त्यात दोघांचं दीड दिवस सहज भागतं. आता बीडला कंकालेश्वर आणि खजाना बावडी बघून पैठणला जायचंय. पैठणच्या अलीकडं सावलीची, सपाट जागा कुणाला माहीत असेल तर कळवा. गाडीची उंची साडेनऊ फूट आहे, फांद्या त्याच्या वर हव्यात. नळ नसला तरी चालेल.