पताकांवरचे शब्द

आमच्या शाळेत ‘स्नेहसंमेलन’ हा शब्द फक्त निमंत्रणपत्रिकेवर असायचा. बोलताना शिपाईकाकांपासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे गॅदरिंगच म्हणायचे. आणि गॅदरिंग म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे नाच किंवा नाटुकली येत नाहीत. येतात त्या शाळेच्या चौकात सुतळीला खळीने चिकटवलेल्या रंगीत पताका आणि त्यांवरचे इंग्रजी शब्द.

ऐंशीच्या दशकातली ही गोष्ट. ठाण्यातली मराठी माध्यमाची शाळा, पाचवीत एबीसीडी. इंग्रजीचा तास लागला की वर्ग गप्प व्हायचा. स्पेलिंग दहा-दहादा लिहायचं आणि आठवड्यात विसरायचं, असं चाललेलं. यावर आमच्या इंग्रजीच्या बाईंनी शब्दफेरी काढली. गॅदरिंगच्या आधीच्या रविवारी त्या आम्हाला घेऊन ठाणं पालथं घालायच्या. वाटेत भेटलेला एक शब्द प्रत्येकाने आपला म्हणायचा, त्याची पताका करायची आणि गॅदरिंगच्या दिवशी तिच्याखाली उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला तो समजावून सांगायचा. नियम एकच होता: वस्तू डोळ्यांनी पाहिली नसेल, तर तिचा शब्द घ्यायचा नाही.

सुरुवात बहुतेक वेळा स्टेशनवर व्हायची. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी इथेच आली, हे ठाण्याच्या मुलांना बाळकडूसारखं मिळतं. १४ डबे, ४०० पाहुणे आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. बाईंना त्यातून वेगळंच सांगायचं असायचं. त्या विचारायच्या, ‘गाडीबद्दल बोलताना रोज कोणते शब्द वापरता?’ तिकीट, सिग्नल, गार्ड, इंजिन, डबल फास्ट... आम्ही भराभर सांगत सुटायचो. फळ्यावर लिहिले असते तर चाळीसेक झाले असते. ‘एवढं इंग्रजी तुम्हाला येतंच आहे की,’ त्या म्हणायच्या. त्या एका वाक्याने माझी निम्मी भीती पळाली.

मग चेंदणी कोळीवाडा. इथे बाई स्वतः शिकायला बसायच्या. खाडीच्या काठावर जाळं विणत बसलेल्या मावशींना त्या विचारत राहायच्या: याला काय म्हणता, त्याला काय म्हणता. आम्ही इंग्रजीत ‘नेट’ एवढंच शिकलो होतो. मावशींकडे डोल वेगळी, हाताने फेकायचा पाग वेगळा. एका वर्षी आम्हाला खाडीत भरपूर पाणी बघायचं होतं, पण पाणी चिखलापाशीच थांबलं होतं. मावशी म्हणाल्या, ‘आज भांग हाय गो, पानी लय नाय येवाचा.’ आमच्यातल्या कुणालाच भांग कळला नाही. आम्हाला माहीत होता तो केसांतला. मग मावशींनीच समजावलं: अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. बाईंनी वहीत लिहून घेतलं आणि पुढच्या तासाला दोन शब्द घेऊन आल्या. भांगाला इंग्रजीत ‘नीप टाइड’ आणि उधाणाला ‘स्प्रिंग टाइड’. वसंत ऋतूशी या ‘स्प्रिंग’चा काही संबंध नाही, ती पाण्याची उसळी, हे त्यांनी फळ्यावर लाटेचं चित्र काढून दाखवलं. त्या वर्षी माझी पताका ‘नीप टाइड’ची होती. गॅदरिंगला आलेल्या एका सद्गृहस्थांना मी तो शब्द सांगितला, तर ते म्हणाले, ‘मला इंग्रजी येतं, पण हा शब्द आज तुझ्याकडून कळला.’ बारा वर्षांच्या पोराला यापेक्षा मोठं बक्षीस कोणतं?

मासुंदा तलावापाशी खडा टाकून ‘रिपल’ आणि कोपिनेश्वराच्या देवळाच्या दारात ‘थ्रेशोल्ड’. उंबरठ्यावर उभं राहायचं नसतं, म्हणून तो शब्द आम्ही अलीकडे आणि पलीकडे उभं राहून म्हटला. टेंभी नाक्याच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, एका वर्षी आत जायला मिळालं. तिथले आजोबा आमच्याशी शुद्ध मराठीत बोलले, तेव्हा आम्ही चकित झालो. बेने इस्रायली, म्हणजे इथल्या ज्यू मंडळींची बोलीभाषा मराठीच आणि तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवणारे म्हणून कोकणात त्यांना शनवार तेली म्हणत, हे आम्हाला तिथे कळलं. धर्मग्रंथाची गुंडाळी, म्हणजे ‘स्क्रोल’, आम्ही तिथे पाहिली. आज तो शब्द पोराटोरांच्या अंगठ्यावर आहे, पण माझ्या मनात तो अजून त्या मखमली आवरणातच आहे.

मला सर्वांत प्रिय जागा मात्र कारागृहाची भिंत. आत जायची सोय नव्हतीच, आम्ही बाहेरून बघायचो. पोर्तुगीजांनी १७३० च्या सुमारास हा किल्ला बांधायला घेतला, १७३७ मध्ये मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेला आणि पुढे त्याचं तुरुंग झालं. ‘रॅम्पार्ट’, ‘बॅस्टियन’ हे शब्द तटाकडे आणि बुरुजाकडे बोट दाखवून व्हायचे. मग बाई त्रिंबकजी डेंगळ्यांची, म्हणजे इंग्रजांनी इथे कैदेत ठेवलेल्या पेशव्यांच्या कारभाऱ्यांची, हकिकत सांगायच्या. १८१६ मध्ये ते इथून निसटले. पहाऱ्यावर गोरे शिपाई होते. असं सांगतात की, एका साहेबाचा मोतद्दार घोड्याला खरारा करताना खिडकीखाली मराठीत गाणी म्हणायचा आणि पळून जायचा बेत त्या गाण्यांतच होता. गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं. ‘शेजारच्याची भाषा येत नसली की असं होतं,’ बाई म्हणायच्या, ‘म्हणून तुम्ही दोन्ही शिका.’

आणि तिथेच त्या ‘तुरुंग’ हा शब्द सोलून दाखवायच्या. पोर्तुगीज ‘त्रोंको’ म्हणजे झाडाचं खोड. कैद्याचे पाय अडकवायचा लाकडी ओंडकाही त्रोंकोच, आणि मग कोठडीही. तोच आपला तुरुंग. ‘आपण त्या ओंडक्याला काय म्हणतो?’ कुणीतरी ओरडायचं, ‘खोडा!’ म्हणजे आपल्याकडेही खोडावरूनच खोडा. ‘आणि इंग्रजीत खोडाला?’ ‘ट्रंक!’ तोही त्याच घराण्यातला. ‘आता तुमच्या माळ्यावर काय आहे?’ सगळे एकदम, ‘ट्रंक!’ पूर्वी खोड कोरून पेट्या करत, म्हणून पेटीला ते नाव. मी घरी आलो, स्टूल लावून माळ्यावर चढलो आणि आजीच्या हिरव्या पत्र्याच्या ट्रंकेवर हात ठेवून कितीतरी वेळ उभा राहिलो. आतून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता. लहानपणापासून बघितलेली पेटी मला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली.

शब्दफेरीचा आणखी एक नियम मला फार आवडायचा. पाहिलेल्या वस्तूला इंग्रजीत शब्दच सापडला नाही, तर आपला शब्द इंग्रजी अक्षरांत लिहायचा आणि खाली त्याचा अर्थ इंग्रजी वाक्यात द्यायचा. ‘बंगला असाच गेला तिकडे, खाट अशीच गेली कॉट होऊन,’ बाई म्हणायच्या. माझ्या बाकावरच्या मित्राने पिंपळाचा ‘पार’ घेतला होता. चौथरा, गप्पा, सावली, म्हातारी माणसं हे सगळं इंग्रजी वाक्यात बसवताना तो रडकुंडीला आला. त्याच्या चार ओळी बाईंनी लाल शाईने एकदाही दुरुस्त केल्या नाहीत.

बाई निवृत्त झाल्या, शब्दफेरी काही वर्षं थांबली. मग आमच्या माजी विद्यार्थी मंडळाने ती पुन्हा सुरू केली. आता मुलांना पहिलीपासून इंग्रजी आहे आणि त्यांना माझ्यापेक्षा चांगलं बोलता येतं. म्हणून हल्ली आम्ही फेरीत मराठी ग्रंथसंग्रहालयातही जातो. १८९३ सालची ही संस्था. तिथे पुस्तकाच्या ‘स्पाइन’ला मराठीत काय म्हणायचं, हा प्रश्न असतो. कणा हा शब्द सुचायला मुलांना वेळ लागतो, आणि सुचला की आपोआप ताठ बसतात.

गेल्या गॅदरिंगला सहावीतल्या एका मुलीची पताका ‘उधाण’ची होती. तिला ‘स्प्रिंग टाइड’ माहीत होतं, पण तिला ते पुरेना. ‘लोकांना पण येतं ना उधाण, उत्साहाला येतं, ते त्यात नाहीये,’ ती म्हणाली. व्हीलचेअरवरून आलेल्या बाईंनी तिला पताका खाली घ्यायला लावली, चष्मा काढून जवळून वाचली आणि पर्समधली शिसपेन्सिल काढून तिच्या हातात दिली. ‘मग लिही ते खाली,’ त्या म्हणाल्या. मुलगी तिथेच चौकातल्या फरशीवर बसून लिहू लागली, आणि मी सुतळीचं टोक धरून उभा राहिलो.