शिवडीच्या चिखलातला २८ मिलिमीटरचा झोन

शिवडीच्या बुरश्यांत आम्ही नवं प्रतिजैविक शोधत होतो. सकाळी इन्क्युबेटरमधून प्लेटा काढल्या, तर ‘शि-१४’ या बुरशीच्या अर्काच्या डिस्कभोवती २८ मिलिमीटरचा लख्ख झोन, म्हणजे जंतू न उगवलेलं वर्तुळ. डिस्क ६ मिलिमीटरची, तीवर अर्क ५०० मायक्रोग्रॅम, समोर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू. शेजारची नुसत्या डीएमएसओची (अर्क विरघळवायच्या द्रावकाची) डिस्क कोरडी ठणठणीत, झोनच नाही. इटालियन डॉक्टर ब्रोत्झूला १९४५ मध्ये सार्डिनियात सांडपाण्याच्या मुखाशी सेफॅलोस्पोरिन हे प्रतिजैविक देणारी बुरशी मिळाली होती, हे अशा वेळी कुणीतरी काढतंच. सांडपाण्याला शिवडीतही तोटा नाही.

बुरशी तिवराच्या मुळांतली. मुळांचे तुकडे १ मिनिट ७० टक्के अल्कोहोलात, २ मिनिटं हायपोक्लोराइटमध्ये, मग निर्जंतुक पाण्यात खळबळून घ्यायचे. शेवटच्या धुण्याचं पाणी वेगळ्या प्लेटवर पसरायचं. तिथे काही उगवलं, तर सापडलेली बुरशी मुळाच्या आतली की बाहेरच्या चिखलाची, हे सांगता येत नाही.

वाढवली तांदळावर: १ लिटरच्या फ्लास्कमध्ये १०० ग्रॅम तांदूळ, ११० मिली समुद्राचं पाणी, मग निर्जंतुक करायला ऑटोक्लेव्हमध्ये (वाफेच्या दाबाच्या भांड्यात) १२१ अंशांवर २० मिनिटं. तांदूळ जुनाच घ्यावा. नव्याचा चिकट गोळा होतो नि बुरशीला आत हवा मिळत नाही. तीन-चार आठवड्यांनी इथाइल ॲसिटेटमध्ये अर्क काढून ४० अंशांवर रोटाव्हॅपला (द्रावक उडवून टाकणाऱ्या यंत्राला) लावायचा. त्यात तांदळाची नि बुरशीची चरबी भरपूर येते. लिनोलेइक आम्लासारखी मेदाम्लंही स्टॅफला रोखतात, म्हणून हेक्झेन आणि ९० टक्के मिथेनॉल यांत अर्क विभागून घ्यावा लागतो; चरबी हेक्झेनकडे जाते. ‘शि-१४’चा हा मिथेनॉलकडचा भाग होता, त्यामुळे चरबीवर शंका घ्यायला जागा नव्हती.

शंका आली ती कॅन्डिडा या यीस्टच्या प्लेटवरून. तिथेही झोन तेवढाच. जिवाणू आणि यीस्ट दोघांनाही सारखंच झोडपणारा पदार्थ बहुधा सगळ्यांनाच झोडपतो.

दुपारी एलसी-एमएसवर (संयुगं वेगळी करून त्यांचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) ३२७.०५ चं ठळक शिखर दिसलं. दोन वस्तुमान एककं पुढचं समस्थानिक शिखर त्याच्या सुमारे १० टक्के, म्हणजे रेणूत गंधकाचे दोन अणू. तुकडे केल्यावर ६४ (दोन्ही गंधक) गळून २६३ उरलं. ग्लायोटॉक्सिन! १९३६ पासून माहीत असलेलं बुरशीचं विष. त्यातला दोन गंधकांचा पूल प्रथिनांच्या थायोल (गंधक-हायड्रोजन) गटांना चिकटतो; समोर जिवाणू आहे की माणसाची पेशी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. ३९१.२८ लाही एक शिखर होतं, पण ते बुरशी न लावलेल्या तांदळाच्या अर्कातही होतं: प्लास्टिकच्या नळ्यांतून उतरणारं थॅलेट, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन. हा कोरा अर्क सोबत चालवला नाही, तर थॅलेटच ‘नवं संयुग’ म्हणून मिरवतं.

बुरशीची निळसर धुरकट वसाहत पाहता ॲस्परजिलस फ्युमिगेटसचाच संशय होता. ४८ अंशांवर लावलेली तिरकी नळीही भरून वाढली होती; एवढी उष्णता या बुरशीला मानवते. नुसत्या आयटीएस या डीएनएच्या तुकड्यावर तिच्या भावंडांचा (जवळच्या जातींचा) निवाडा होत नाही, म्हणून बीटा-ट्युब्युलिन जनुकाचा नमुनाही पाठवला. या बुरशीचे बीजाणू फुप्फुसात घर करतात, त्यामुळे फ्लास्क उघड्या टेबलावर न आणता बायोसेफ्टी कॅबिनेटमधून झाकूनच ऑटोक्लेव्हमध्ये गेले.

मग वळलो ‘शि-०९’कडे. झोन जेमतेम १३ मिलिमीटर, कॅन्डिडावर काहीच नाही, आणि मुख्य शिखराचं वस्तुमान आमच्या यादीतल्या कुठल्याच संयुगाशी जुळत नव्हतं. संध्याकाळी त्यातली संयुगं वेगळी करायला सिलिकाचा कॉलम भरला: २३०–४०० मेशची (बारीक कणांची), अर्काच्या ३० पट, हेक्झेनमध्ये कालवून हळूहळू ओतलेली. मध्ये हवा अडकली की पट्टे वाकडे उतरतात आणि दोन संयुगं एकाच नळीत येतात, म्हणून कॉलम नीट बसू दिला आणि अर्क चढवायचं काम दुसऱ्या दिवसावर ठेवलं.