उकळत्या ५० लिटरखालचा स्टँड

घरी बिअर करताना साडेपंधरा गॅलनच्या स्टीलच्या केगचं (बिअरच्या पिंपाचं) तोंड कापून केलेल्या पातेल्यात ५० लिटर वर्ट, म्हणजे बिअरसाठीचा माल्टचा गोड काढा, उकळत असतो, तेव्हा बर्नरच्या स्टँडवर पातेल्यासकट ६५ किलोंच्या आसपास भार असतो. हे उकळतं, चिकट पाणी पायावर सांडलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून स्टँड बुटका आणि रुंद हवा. पातेल्याच्या नळाखाली बादली मावावी म्हणून अमेरिकेतले घरी बिअर करणारे कितीतरी जण उंच स्टँड करतात. त्याऐवजी वर्ट काढायला एक छोटा पंप घ्या आणि स्टँडची उंची ३५ सेंमीवर थांबवा.

साध्या माइल्ड स्टीलचा ३८ × ३८ × ३ मिमी अँगल (L आकाराची पट्टी) घ्या. २० फुटांच्या एका लांबीत सगळं बसतं: वरच्या चौकटीला ४५ सेंमीचे चार तुकडे, पायांना ३५ सेंमीचे चार आणि उरलेल्यातून खालचे आडवे. खालचे आडवे मात्र पाय उभे राहिल्यावर मोजूनच कापा. गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला अँगल स्वस्त मिळाला तरी नको. जस्त ९०७ अंश सेल्सियसला उकळतं, वेल्डिंगची आच त्याच्या कितीतरी वर जाते, आणि तो पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो.

चौकटीचे तुकडे ४५ अंशांत कापा. अँगलची एक बाजू आत आडवी, दुसरी वर उभी ठेवा. आडव्या बाजूवर केगची कड टेकते आणि उभ्या बाजूमुळे पातेलं घसरत नाही. गोल केग चौकोनात चार बाजूंच्या मध्यावरच टेकतो, कोपरे मोकळे राहतात. ते मोकळेच राहू द्या, जळलेला वायू तिथूनच बाहेर पडतो.

आता जोडणी. सांध्यावरचा काळा पापुद्रा ग्राइंडरने घासून लोखंड चकचकीत करा, वेल्डिंग मशीनच्या अर्थिंगच्या क्लॅम्पखालचंही. तेल पुसायला क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका, वेल्डिंगच्या आचेने त्याचा फॉस्जीन हा विषारी वायू होतो. सपाट जागेवर चारही कोपऱ्यांना फक्त टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा आणि कर्ण मोजा. दोन्ही ६३.६ सेंमी आले तर चौकट गुण्यात (काटकोनात) आहे. जास्त भरलेल्या कर्णाच्या टोकावर हातोडीने हलकेच ठोका. पूर्ण वेल्ड समोरासमोरच्या कोपऱ्यांना आलटून पालटून करा. एकाच कोपऱ्याला ओळीने भरत गेलात तर थंड होताना तो खेचला जातो आणि स्टँड तीन पायांवर डुगडुगतो.

वेल्डला हवेपासून वाचवणारा गॅस न लागणारी, त्याच कामाची भुकटी (फ्लक्स) पोटात असलेली वेल्डिंगची तार वापरत असाल तर मशीनच्या आतली पोलॅरिटी बदला: तार ऋण, अर्थिंग धन. गॅसवाल्या तारेला याच्या उलट. ठिणग्या अंगभर उडतायत आणि वेल्ड वर गोळा होऊन बसतोय, तर आधी हेच तपासा. ॲम्पियर त्यानंतर.

बर्नर ओतीव लोखंडाचा असतो, तो स्टँडला वेल्ड करू नका, तडकतो. दोन पट्ट्यांवर बोल्टने बसवा आणि पायांना अडीच-अडीच सेंमीवर भोकं पाडून पट्ट्या वरखाली करता येतील असं करा. १० इंची बर्नरला पातेल्याच्या बुडापासून ८ ते १० सेंमी अंतरावरून सुरुवात करा. ज्योत बुडाला फार जवळून आपटली तर विझत विझत जळते, पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड सोडते. फार लांब ठेवलात तर आच वाऱ्यावर जाते. वाऱ्याला आडोसा लावायचा तर तीनच बाजूंनी.

रंग बार्बेक्यूला देतात तो, उष्णता सोसणारा द्या. बर्नरजवळचा तोही जळेल, तिथे दरवर्षी घासून पुन्हा मारावा लागतो.

पहिल्यांदा पेटवायच्या आधी केगमध्ये थंड पाणी काठोकाठ भरून स्टँडवर तासभर ठेवा, बाजूने ढकलून पाहा, मग प्रत्येक सांधा बोटाने तपासा. गॅसच्या जोडांना साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गॅस गळतोय. आणि हे सगळं उघड्यावर: गॅरेजचं दार उघडं ठेवलं म्हणजे उघड्यावर होत नाही. बर्नरचा गॅस, प्रोपेन, हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साठतो.