स्वस्त डॅक आणि थ्री फेजची वेळ

टीव्हीचा ऑप्टिकल आवाज जुन्या ॲम्प्लिफायरला जोडण्यासाठी जो छोटा काळा डबा मिळतो, त्यातली डॅक चिप (डिजिटल आवाजाचा ॲनालॉग करणारी) बहुधा बरी असते. आवाज बिघडवतो तो सोबत आलेला ५ व्होल्टचा अडॅप्टर आणि त्याला मिळणारी आपल्याकडची लाईट. ऑप-ॲम्प (आवाजाचा सिग्नल वाढवणारी चिप) बदलायच्या आधी पैसा पॉवर सप्लायवर घाला.

आधी एक खात्री करून घ्या. डबा अडॅप्टरऐवजी पॉवर बँकेवर चालवा. घरघर, शिट्टी थांबली तर दोष सप्लायचाच. नाही थांबली तर डब्यातून ॲम्प्लिफायरला जाणारी आरसीए केबल आणि ॲम्प्लिफायरचं ग्राउंड तपासा. डबा साधारण १०० ते १५० मिलिअँपिअर घेतो, तेवढ्या करंटवर काही पॉवर बँका आपोआप बंद पडतात. मग रिचार्जेबल पेन्सिल सेल चार लावा, ४.८ व्होल्ट होतात. साधे नवे चार सेल ६ व्होल्टच्या वर जातात, ते लावू नका.

आता सप्लाय. पुस्तकातली रीत म्हणजे ९ व्होल्ट ५०० मिलिअँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज (एसीचं डीसी करणारे चार डायोड), १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ७८०५ (५ व्होल्ट स्थिर ठेवणारा रेग्युलेटर). शहरात हे चालतं. पण रात्री शिवारात शेतीपंपांची थ्री फेज लाईट आली, डीपीवरच्या (गावच्या ट्रान्सफॉर्मरवरच्या) सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या आणि घरात २३० च्या जागी १७० व्होल्ट उरले, की हिशोब बघा. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला (आउटपुटच्या बाजूला) ६.६ व्होल्ट, शिखर ९.४, दोन डायोडचे १.४ वजा जाता ८. त्यातून १५० मिलिअँपिअर ओढताना १००० मायक्रोफॅरडवर दीड व्होल्टचा रिपल (चढउतार) पडतो, म्हणजे तळ ६.५ व्होल्ट. ७८०५ ला इनपुटला ७ तरी लागतात. दर सेकंदाला १०० वेळा तो खाली घसरतो आणि तीच घरघर स्पीकरमधून ऐकू येते. नवा सप्लाय बनवूनही घरघर जात नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथली असते.

म्हणून कपॅसिटर २२०० मायक्रोफॅरडचा घ्या आणि ७८०५ च्या जागी पाच व्होल्टचा एलएम२९४० रेग्युलेटर बसवा. पाय त्याच क्रमाने आहेत, आणि एवढ्या करंटला त्याला इनपुट-आउटपुटमध्ये पाव व्होल्टचा फरकही पुरतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर ९ व्होल्टच्या सेकंडरीतून डायोडनंतर जेमतेम ७.६ मिळतात, तिथेही तो तग धरतो. त्याची एक अट मात्र कडक आहे. आउटपुटला पायांजवळच किमान २२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवा. ४७ चा साधा इलेक्ट्रोलिटिक उत्तम. तिथे नुसता सिरॅमिक लावला तर रेग्युलेटर ऑसिलेट होतो (आउटपुट सतत हेलकावतं), आणि मल्टीमीटर ५ व्होल्ट दाखवत असताना आवाज मात्र खरखरतो.

उलट बाजूही सांभाळावी लागते. मोटारी बंद झाल्या की लाईट २५० वर चढते. तेव्हा रेग्युलेटरवर सात-साडेसात व्होल्ट पडतात, म्हणजे १.१ वॅट उष्णता. हीटसिंक नसेल तर तो खोलीपेक्षा सत्तरेक अंशांनी जास्त तापतो, आणि परभणी-नांदेडच्या मे महिन्यात खोलीच ४० ला असते. छोटा हीटसिंक लावाच, कपॅसिटर त्यापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवा. कपॅसिटर २५ व्होल्टचा, १०५ अंशांचा हवा. १६ व्होल्टचा लोड नसताना फुगू शकतो. प्रायमरीला (ट्रान्सफॉर्मरच्या मेनच्या बाजूला) १०० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाका आणि पत्र्याचा डबा असेल तर त्याला अर्थिंग द्या.

डॅक जोडायच्या आधी आउटपुट मोजा, ४.८५ ते ५.१५ च्या मध्ये हवं. डॅकला जाणाऱ्या पिनचा आतला भाग प्लस आहे ना, तेही मीटरनेच बघा.

बोर्डवर फार काही करायचं नसतं. चिपच्या सप्लाय पायाला शक्य तितक्या जवळ १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक आणि त्याच्या शेजारी २२० मायक्रोफॅरड. चिप सीएस४३४४ असेल तर तिच्या आउटपुटला सप्लायच्या निम्मे व्होल्ट कायम असतात, म्हणून कपलिंग कपॅसिटर (डीसी अडवून फक्त आवाज पुढे सोडणारा) काढून टाकू नका. बदलायचा असेल तर प्लस टोक चिपकडे ठेवा. १० मायक्रोफॅरड आणि १० किलोओहमचा ॲम्प्लिफायर, यात कट (ज्याच्या खाली आवाज कमी होत जातो) १.६ हर्ट्झला येतो. त्याहून मोठा लावून बास वाढत नाही. पीसीएम५१०२ए ला मात्र हा कपॅसिटर लागतच नाही, तिचं आउटपुट शून्याभोवतीच असतं.

ऑप-ॲम्प असेल तर ४ आणि ८ नंबरच्या पायांमध्ये व्होल्टेज मोजा. ५ च व्होल्ट आले तर एनई५५३२ बसवू नका, तो एवढ्यावर नीट काम करत नाही. ओपीए२३५० सारखा रेल-टू-रेल (सप्लायच्या टोकांपर्यंत आउटपुट देणारा) घ्या. मोठ्या नावाचा ऑप-ॲम्प अवाजवी स्वस्तात मिळत असेल तर तो बनावट असण्याची शक्यताच जास्त.

शेवटी आरसीएवर डीसी मोजा. सुरू केल्यावर काही सेकंद काटा हलतो, मग तो १० मिलिव्होल्टच्या खाली यायला हवा. दीड-अडीच व्होल्ट दिसले तर कपलिंग कपॅसिटर शॉर्ट आहे, ॲम्प्लिफायर जोडू नका. सगळं ठीक असून आवाजच नाही किंवा नुसती खरखर आहे? टीव्हीच्या सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न आवळलेला आवाज) करा, कारण या डब्यांना डॉल्बी उलगडता येत नाही.