लाल टॅग आणि साडेतीन मिलिमीटर

परवा शनिवारी आमच्या गोल्फ क्लबची मोठी स्पर्धा होती आणि त्याच पहाटे मी ट्रिपलेक्सला लाल टॅग लावला. ट्रिपलेक्स म्हणजे तीन कटिंग युनिटवाली, वर बसून चालवायची गवत कापायची मशीन म्हणजे मोअर, आमच्या ग्रीन्सवर, म्हणजे चेंडू टाकायच्या भोकाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर, हीच फिरते. एका हायड्रॉलिक होजचं, म्हणजे दाबाखालचं तेल नेणाऱ्या नळीचं, रबर घासून आतली तारेची जाळी दिसायला लागली होती. गळत नव्हती अजून, पण प्रेशर आलं की कधीही फुटली असती. इथे आमच्या वर्कशॉपचा नियम असा की मेकॅनिकने टॅग लावला की त्यानेच काढेपर्यंत मशीन हलवायची नाही, हेड ग्रीनकीपरनेपण (मैदानाची देखभाल बघणारा प्रमुख) नाही आणि क्लबच्या कॅप्टननेपण नाही. हेड ग्रीनकीपर आला, टॅग वाचला, होज बघितली आणि पोरांना हाताने चालवायच्या मोअर देऊन पायी पाठवून दिलं. का, कशाला, आजच का, काही नाही. मी दिवसभर त्याच विचारात होतो.

कारण नुकसान केवढं झालं असतं ते त्यालाही माहीत होतं. गरम तेल ग्रीनवर पडलं की गवत जळतं, आणि मशीन चालत असते म्हणून डाग नाही पडत, सरळ पट्टा उठतो. चालवणाऱ्याला बऱ्याचदा वळताना मागे बघितल्यावर कळतं. तोपर्यंत झालेलं असतं, आणि तो पट्टा पुढे कित्येक आठवडे येणारा-जाणारा बघत राहतो.

आता गावाकडचा प्रश्न. गवत कापायच्या मशीन दुरुस्त करायला एवढ्या लांब स्कॉटलंडला गेलास का? मागच्या लग्नात दोन-तीन जणांनी विचारलं म्हणून इथे नीट लिहितोच.

उन्हाळ्यात आमचं ग्रीन साडेतीन मिलिमीटरवर कापलं जातं. घरासमोरच्या लॉनवर जी गरागरा फिरणाऱ्या पात्याची मशीन असते ती इथे चालतच नाही, ती गवत फटका मारून तोडते. इथे सिलिंडर असतो, त्यावर पीळ दिलेली पाती, आणि खाली एक स्थिर पट्टी, बॉटम ब्लेड. दोघांच्यामध्ये गवत येतं आणि कात्रीसारखं कापलं जातं. ही दोन पाती एकमेकांना जेमतेम लागली पाहिजेत. जास्त घट्ट झाली तर तापतात आणि झिजतात, सैल झाली तर गवत चिरडतं, शेंडे पांढरे पडतात आणि फाटलेल्या पानातून रोग शिरतो. तपासायला कुठलं महागडं यंत्र नाही. पातळ कागदाची पट्टी मध्ये धरायची आणि सिलिंडर हाताने सावकाश फिरवायचा, बोटं लांब ठेवून. डावीकडे कापला, मध्ये कापला, उजवीकडे नुसता दुमडला, की परत स्क्रू. एक खाच इकडे, एक खाच तिकडे, परत कागद. सगळ्या लांबीवर कट्ट कापला गेला की मगच पुढच्या युनिटला हात लावायचा. त्यात ग्रीनवर वाळू टाकली की दुसऱ्या दिवशी सगळी धार गेलेली असते, मग लॅपिंग पेस्ट, म्हणजे धार काढायची खरखरीत पेस्ट, लावून सिलिंडर उलटा फिरवायचा आणि परत कागद. हे सगळं पहिला खेळाडू टीवर, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागेवर, यायच्या आधी. सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स हे प्रसिद्ध गोल्फ मैदान तरी एरवी रविवारी खेळाला बंद असतं, आमच्याकडे तेही नाही.

आणि ही मशीन आली कुठून? 1830 साली इंग्लंडमध्ये स्ट्राउडजवळ एडविन बडिंग नावाच्या माणसाने पहिली लॉनमोअर काढली, ती कापड गिरणीतलं यंत्र बघून. लोकरीच्या कापडावर उभे राहिलेले तंतू कापायला तिथे पात्यांचा सिलिंडर असायचा, तोच त्याने गवतावर आणला. मी इचलकरंजीचा, बाबा आयुष्यभर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. मला हे वाचून जो आनंद झाला तो सांगता येत नाही.

बाबांची सर मात्र इथल्या कुणाला नाही, हेही लिहितो. इथे बेअरिंग गेलं की पार्ट नंबर बघून ऑर्डर टाकतात. बाबा आवाजावरून सांगायचे कुठल्या मागाचं काय बिघडलंय, आणि पार्ट मिळाला नाही तर लेथवाल्याकडे बसून बनवून आणायचे. पण "मालक, हा माग आज बंद ठेवा" म्हणायची सोय त्यांना कधीच नव्हती. आजचा दिवस काढ, उद्या बघू, हेच ऐकत आले. एवढ्या हुशार माणसाचा शब्द शेडमध्ये शेवटचा का नसावा? टॅग म्हणजे शेवटी एक पुठ्ठा आणि दोरी, त्याला श्रीमंत देश लागत नाही.

शनिवारचं सगळं त्यांना फोनवर सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, पगार कापला का? म्हटलं नाही, उलट सोमवारी नवी होज आली. परत कधी येणार म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर सध्या एवढंच आहे.