गिटार ॲम्पला दुसरा स्पीकर जोडण्यापूर्वी

कार्तिकात जत्रा सुरू झाल्या की मालवण-वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात उघड्या मांडवात गिटार वाजवण्याचे प्रसंग येतात, आणि खोलीत दणदणीत वाटणारा लहान ॲम्प (ॲम्प्लिफायर), भिंतींवरून आवाज परतत नसल्यामुळे, तिथे फिका पडतो. त्याला दुसरा स्पीकर जोडण्याचा विचार योग्यच आहे. मात्र सॉलिड स्टेट, म्हणजे व्हॉल्व्हऐवजी ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या, ॲम्पच्या मागच्या पट्टीवर छापलेला किमान ओहमचा (स्पीकरच्या विद्युत विरोधाचा) आकडा वाचल्याशिवाय वायरला हात लावू नये.

आतला स्पीकर ८ ओहमचा असेल आणि बाहेरचाही तेवढाच समांतर जोडला, तर एकूण भार ४ ओहम होतो. ॲम्पची किमान मर्यादा ४ असेल, तर ही जोडणी निर्धास्तपणे करावी. आतला स्पीकर मुळातच ४ ओहमचा असेल, तर मात्र थांबावे. ४ ओहमला ५० वॅट देणारा ॲम्प सुमारे १४ व्होल्टवर साडेतीन ॲम्पियर पुरवतो. तसाच दुसरा ४ ओहमचा समांतर जोडून त्याच व्होल्टला भार २ ओहमवर आला, तर प्रवाह ७ ॲम्पियरपर्यंत जाऊ पाहतो आणि तो सगळा आउटपुटच्या ट्रान्झिस्टरांना किंवा आयसीला सोसावा लागतो. संरक्षक सर्किट नसल्यास ते जळतात. एकसर (एकामागे एक) जोडणीत हा धोका नाही, पण भार दुप्पट झाल्यामुळे शक्ती साधारण निम्मी होते; दोन शंकूंमुळे (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्यांमुळे) खर्ज भरदार वाटतो, आवाज मात्र फारसा वाढत नाही. माझ्या मते अशा वेळी आतला स्पीकरच बदलावा, कारण ९७ डेसिबलऐवजी १०० डेसिबल संवेदनशीलतेचा (म्हणजे तेवढ्याच वॅटला जास्त आवाज देणारा) स्पीकर बसवणे हे वॅट दुप्पट करण्यासारखेच आहे.

मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर ६ ते ७ ओहमच दाखवतो, ते स्वाभाविक आहे.

मागे स्पीकरचा जॅक नसेल आणि तो स्वतः बसवायचा असेल, तर इन्सुलेटेड जॅकच घ्यावा, कारण काही ॲम्पमध्ये स्पीकरचे कोणतेही टोक अर्थला जोडलेले नसते आणि साध्या जॅकमुळे त्यातले एक टोक धातूच्या चासीला टेकून शॉर्ट होते. हेडफोनच्या जॅकला स्पीकर लावू नये. गिटारची शील्डेड केबलही इथे चालत नाही. जाड दुपदरी स्पीकर वायर हवी, आणि पिन खुपसताना क्षणभर शॉर्ट होऊ शकत असल्यामुळे ॲम्प आधी बंद करावा.

खाऱ्या हवेने आपल्याकडे जॅकवर आणि स्पीकरच्या टॅगांवर (वायर जोडायच्या पट्ट्यांवर) हिरवट थर चढतो आणि आवाज तुटत येतो. भार सुटला म्हणून सॉलिड स्टेट ॲम्प सहसा बिघडत नाही (व्हॉल्व्हच्या ॲम्पचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर मात्र त्यामुळे जाऊ शकतो), तरीही पावसाळा सरल्यावर कॉन्टॅक्ट क्लीनरने हे सांधे पुसून घ्यावेत. शेवटी, वायरी ॲम्पपासून सुटलेल्या असताना दोन्ही स्पीकरांना दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावून पाहावा: सेलचे धन टोक स्पीकरच्या धन टॅगला लावल्यावर दोन्ही शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत, नाहीतर खर्ज परस्परांत विरतो.